न पाहता केलेली खूण

अमेरिकेच्या सैन्यात गाडी चालविणाऱ्या शिपायाने निघण्यापूर्वी, वाटेत व परतल्यावर, अशी तीन वेळा गाडी तपासावी, असा नियम आहे. तेल, ब्रेक, टायर, गळती पाहावयाची आणि आढळलेला दोष तक्त्यात नोंदवावयाचा. १९५१ मध्ये या कामासाठी सैन्याने सचित्र मासिकही सुरू केले. तरीही काही जण गाडीखाली न वाकताच तक्त्यात खुणा करितात. गाडी बहुधा चालतेच; मग यात बिघडले काय? आम्हांस वाटते, इंजिन बिघडले नसले तरी साक्ष खोटी ठरली. त्या सहीवर विसंबून उद्या दुसराच कोणी ती गाडी डोंगरउतारावर नेईल. वाचकहो, आपणही रोज कोठे ना कोठे सही करितो. त्यापूर्वी आपण वाकून पाहतो काय?