हया आणि अबोला



दांपत्यजीवनातील एका दुःखाविषयी आपल्या समाजात कमालीचे मौन पाळले जाते. पतीची कामेच्छा मंदावते, तो पत्नीपासून दूर राहू लागतो आणि त्याचे कारण कोणालाही सांगत नाही, पत्नीलाही नाही. कोणी विचारलेच तर हया आड येते, असे तो म्हणतो. हया हे ईमानचे अंग आहे, यात शंका नाही. परंतु या मौनाला हया म्हणता येईल काय?

इच्छा मंदावणे हे पाप नव्हे. मनाची ओढ मनुष्याच्या हुकमात नसते आणि अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकत नाही. उभयतांची इच्छा अल्प असून दोघेही समाधानी असतील, तर तो आजारही नव्हे. मात्र एकाच्या मौनाचा भार दुसऱ्यावर पडू लागला की प्रश्न नैतिक होतो. पत्नी स्वतःतच उणीव शोधू लागते. पतीच्या मनात दुसरी स्त्री असावी, असा संशय तिला ग्रासतो. मूल न झाल्यास सासरची माणसे तिलाच बोल लावतात आणि खरे कारण जाणणारा पती शेजारी बसून ऐकत राहतो.

सहीह बुखारीत एक प्रसंग आला आहे. ह. सलमान फारसी (रजि.) हे ह. अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांची पत्नी जुन्या, साध्या वस्त्रांत दिसली. कारण विचारता त्या म्हणाल्या की, आपल्या बंधूला या जगाची काही गरज उरलेली नाही. ह. अबू दरदा दिवसा रोजे ठेवीत व रात्र नमाजमध्ये घालवू पाहत. ह. सलमान यांनी त्यांना समजावले की, पालनकर्त्याचा जसा हक्क आहे, तसा स्वतःचा आणि पत्नीचाही आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले. जो हक्क उपासनेच्या कारणानेही बाजूला सारता आला नाही, तो संकोचापोटी कसा सारता येईल?

हनफी फिकहमध्ये नपुंसकत्वाची तक्रार आल्यास काझी पतीला एक वर्षाची मुदत देतो. चारही ऋतू सरावेत आणि व्याधी दूर होते का ते दिसावे, हा त्यामागील विचार. भारतातील १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही पतीच्या अर्जावरून अशी एक वर्षाची मुदत मिळते. कामेच्छा कमी होणे आणि नपुंसकत्व या भिन्न गोष्टी आहेत. तरीही बोध एकच: पतीला अवधी मिळतो, पण पत्नीला अनिश्चित काळ ताटकळत ठेवता येत नाही.

काही जण म्हणतात, "आम्ही सब्र करतो." परंतु सब्र स्वतःच्या दुःखावर करायचा असतो, दुसऱ्याच्या वाट्याचा सब्र आपण परस्पर ठरवू शकत नाही. शिवाय प्रेषितांनी (स.) उपचार घेण्याची आज्ञा दिली आहे. इच्छा मंदावण्यामागे मधुमेह, थायरॉईडचा विकार, टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप, मद्य अथवा पती-पत्नीतील कलह असू शकतो. नैराश्यावरील काही औषधांनीही असे होते. ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे. टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी सकाळी करतात आणि प्रमाण कमी आढळल्यास पुन्हा करून खात्री करून घेतात. मूल हवे असणाऱ्याने हे संप्रेरक बाहेरून घेऊ नये, कारण त्याने शुक्रजंतूंची निर्मिती घटते. भिंतींवर जाहिराती करणाऱ्यांच्या चूर्ण-गोळ्यांपासून तर दूरच राहावे. सिल्डेनाफिलसारखी औषधे शैथिल्यावर काम करतात, इच्छा निर्माण करत नाहीत, आणि हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या ती जिवावर बेतू शकतात.

पवित्र कुरआनने पती-पत्नीला परस्परांचे वस्त्र म्हटले आहे (२:१८७). वस्त्र जगापासून झाकते. ते ज्या देहावर असते त्यापासून काही लपवत नाही. म्हणून चारचौघांत याची चर्चा न करणे ही हया. पत्नीपासून आणि वैद्यापासून लपवणे हा अहंकार. भगिनींनीही पतीने धीर करून सांगितलेले गुपित टोमण्याचे शस्त्र बनवू नये आणि माहेरी पोहोचवू नये.

वाचकहो, आपल्या घरात असा अबोला असेल, तर आजच पत्नीला एवढेच सांगा: "दोष तुझा नाही, आपण मिळून इलाज करू." अल्लाह आपल्या घरांत प्रेम व करुणा नांदवो. आमीन.