काढलं कुणी नाही

उन्हाळ्यात आपल्या शहरातल्या एका परिसंवादात एका एचआर अधिकाऱ्याने भरपूर टाळ्या घेतल्या. शेंद्रा औद्योगिक वसाहतीचं खरं दुखणं म्हणे ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, आजारपणाचा दाखला. बोटाला खरचटलं की माणूस पंधरा दिवस गावाकडे, पेरणीच्या दिवसांत तर दुखण्यांची साथच येते. आणि कायदा असा, की रजेवरच्या कामगाराला मालकाने हातसुद्धा लावायचा नाही. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. उरत नसतोच. म्हणून उत्तर इथे.

खोटे दाखले मिळतात हे मला मान्य आहे. वरच्या साहेबांनाही मिळतात, फक्त त्यांचा कागद जाड असतो. माझं भांडण दुसऱ्या वाक्याशी आहे. हात लावायचा नाही, हे खरं का?

कागदावर खरं होतं. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा, २०२५ पर्यंत लागू असलेला, आणि त्याचं कलम ७३ अगदी खणखणीत होतं. माणूस आजारपणाचा किंवा, कामावर जखमी होऊन, तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असेल, तर त्या काळात त्याला बडतर्फ करायचं नाही, शिक्षा करायची नाही. नोटीस दिलीच तर ती रद्दबातल. आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, कामावरच्या दुखापतीत नव्वद, आणि दुखापतीसाठी आधी इतके दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. वाचून वाटतं, आता काय बिशाद आहे कुणाची!

बिशाद दाखवली ती एका मराठी माणसाने, आणि तोही कामगारांचा कैवारी म्हणून नावाजलेला. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. साताऱ्याचे, १९६४ ते ६६ देशाचे सरन्यायाधीश, पुढे पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच १९६३ चा बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलचा निकाल मला आजही टोचतो. मद्रासच्या या गिरणीतला एक कामगार जानेवारी १९५७ मध्ये काही दिवसांची रजा घेऊन गेला, तिकडेच आजारी पडला आणि डॉक्टरचा कागद त्याने मार्चमध्ये पाठवला. गिरणीच्या स्थायी आदेशांत कलम होतं: विनारजा सलग आठ दिवस गैरहजर राहणारा नोकरी सोडून गेला असं समजावं. कामगाराची बाजू कलम ७३ वर उभी होती. न्यायालयाने म्हटलं, कलम ७३ मालकाच्या कृतीला लागू होतं. इथे मालकाने काही केलेलंच नाही, नोकरी आपोआप संपली.

आपोआप! झाडाचं पान गळावं तशी नोकरी गळाली, आणि त्यात माळ्याचा काय दोष? इतक्या तल्लख न्यायाधीशाला हे दिसलं नसेल का, की तो आदेश शेवटी मालकाच्याच टेबलावर लिहिला जातो आणि हजेरीपटावरच्या नावावर रेघ मारणारा हातही त्याचाच असतो?

हा राग मी बरीच वर्षं जपला. पण निकाल पुन्हा वाचताना तो थोडा निवला. स्थायी आदेश प्रमाणित झालेले असतात, दोन्ही बाजूंना बांधतात. न्यायाधीशाने ते दयेपोटी बाजूला सारले तर उद्या कामगाराच्या हिताचे आदेशही असेच बाजूला सारले जातील, ही भीती निराधार नव्हती. शिवाय १९९३ मध्ये डी. के. यादव विरुद्ध जेएमए इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ‘आपोआप’चं दार अर्धं लावलं. तो खटला आजारपणाचा नव्हता. कंपनी म्हणत होती, हा कामावर आला नाही. तो म्हणत होता, मला गेटमधून आत सोडलं नाही. न्यायालयाने सांगितलं, स्थायी आदेशात काहीही लिहिलेलं असो, माणसाचं म्हणणं ऐकून न घेता, चौकशी न करता नाव कापता येणार नाही. त्याला परत कामावर घेतलं गेलं, मागच्या निम्म्या पगारासह.

म्हणजे कायदा सुधारला. मग शेंद्र्यात बिघडलं कुठे?

जालना रोडने शिफ्ट सुटायच्या वेळी शेंद्र्याकडे जा. मोठ्या कंपनीच्या बस वेगळ्या, आणि कुंभेफळ-करमाडच्या खोल्यांकडे दुचाकीवर तिघं-तिघं निघालेली पोरं वेगळी. गाडीचे छोटे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या शॉपमध्ये पॉवर प्रेसवर उभा असतो तो बहुधा यांतला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते. उत्पादन वाढवायचं म्हणून एक बटण कायमचं दाबून ठेवलं, की दुसरा हात डायमधला स्क्रॅप काढायला मोकळा. वाहन उद्योगातल्या अशा तुटलेल्या बोटांचे अहवाल सेफ इन इंडिया ही संस्था वर्षानुवर्षं काढते आहे, मुख्यतः हरियाणातून. कामावर लागल्या दिवशी मिळायला हवं ते ईएसआयचं कार्ड बहुसंख्य जखमींच्या हाती अपघातानंतर पडतं, हे त्यांतूनच कळतं.

या पोराची नोकरी कोण घालवतं? कंपनी म्हणते, तो आमचा नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, काढलं कुणी? बरा झाला की ये. तो फिट सर्टिफिकेट घेऊन येतो तेव्हा गेटवरच्या मशीनला त्याचा चेहरा ओळखू येत नाही, गेटपास संपलेला असतो, आणि सध्या कंपनीची मागणी कमी आहे. बडतर्फी नाही, नोटीस नाही, रेघ मारायला हजेरीपटसुद्धा नाही. यादवला किमान सांगता आलं की मला अडवलं. याला अडवलेलंही नाही. फक्त बोलावलं नाही. गजेंद्रगडकरांचं ‘आपोआप’ आता खरोखरच आपोआप झालं आहे, आणि त्यात त्यांचा हात नाही.

स्थायी आदेशांचंही तेच. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने त्यांची सक्ती तीनशे कामगारांच्या आस्थापनांपर्यंत वर नेली. सुट्या भागांच्या किती शॉपमध्ये तीनशे माणसं असतात? आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर नोकरी घालवू नये, पर्यायी काम द्यावं, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं विसावं कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या बाबूचा हात गेला तर खुर्ची शाबूत; प्रेसवर हात गमावणाऱ्याला ते कलम नाही.

खोट्या दाखल्यांवर जरूर बोलावं, पण आधी एक काम करावं. अपघाताचा अहवाल ईएसआयला जातो. त्यात आणखी एक रकाना वाढवावा: जखमी माणूस परत कामावर कोणत्या तारखेला आला. सही ठेकेदाराची नको, ज्याच्या आवारात प्रेस आहे त्या मूळ कंपनीची हवी. तारीख नसेल तर कारण लिहावं, तेही त्या माणसाच्या सहीसह. कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरावी. आणि शेंद्र्याच्या उद्योजकांपैकी ज्यांना आपली बाजू स्वच्छ वाटते, त्यांनी सरकारची वाट न पाहता हा रकाना आपल्या कंपनीत याच महिन्यात सुरू करावा.