कुंभार, रासभ आणि संगणक

एखादी वस्तू ‘आपण केली’ असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटतो. स्वयंपाकघरात तो कधी उपस्थित होत नाही. गहू शेतकऱ्याचा आणि पीठ गिरणीचे असले तरी पोळी गृहिणीने केली याविषयी घरात कोणी वाद घालीत नाही. शिंपी कापड विणीत नाही, गवंडी विटा भाजीत नाही. तथापि सदरा शिंप्याने शिवला आणि भिंत गवंड्याने बांधली असेच आपण म्हणतो. परंतु विटेच्या जागी जी वस्तू यावयाची ती स्वतःच एक पूर्ण यंत्र असली, आणि गवंड्याचे सारे काम तीन-चार तासांत आटोपणारे असले, म्हणजे तेच म्हणताना आपले मन कचरू लागते. अलीकडे तरुण मंडळींत खेळांसाठी लागणारा संगणक, सुटे भाग आणून, घरी स्वतःच्या हातांनी जुळविण्याची हौस पुष्कळ पसरली आहे. तिच्या निमित्ताने हा जुना प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा राहिला.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचे बाजाराचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जे जांब, तेही याच तालुक्यातले. या पिंपळगावचा एक विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात विज्ञानशाखेत शिकतो. गेल्या सुटीत त्याने पाऊण लाख रुपये खर्चून असा एक संगणक जुळविला. पैसे अर्थात वडिलांचे, म्हणजे कापसाचे. पुढे वडील काही कामासाठी शहरात आले तेव्हा मुलाला घेऊन आमच्याकडेही आले, आणि चहा होताच त्यांनी आपला वाद आमच्यापुढे मांडला. “सर, आता तुमीच सांगा. समदं इकत आणलं, पेचकस घेतला आन् जोडलं. आन् गावभर सांगत हिंडतो, म्या बनवला! म्या बैलगाडी जुंपली, तर म्या गाडी बनवली का?” मुलगा मान खाली घालून “आबा, जुंपणं निराळं,” एवढेच पुटपुटला. निराळे कसे, हे मात्र त्यास सांगता येईना. ते सांगता येते काय, हे पाहण्याचा आमचा येथे विचार आहे.

प्रथम, या मुलाने केले काय? ज्या वाचकांस या विद्येचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. गणिते करणारा प्रोसेसर; तो जिच्यावर बसतो ती मदरबोर्ड नावाची पाटी; चालू कामाची तात्पुरती स्मृती म्हणजे रॅम; कायमचा साठा करणारी एसएसडी; पडद्यावरील चित्रे क्षणोक्षणी रेखाटणारे ग्राफिक्स कार्ड; भिंतीतील 230 व्होल्टच्या विजेपासून बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह करून देणारा पॉवर सप्लाय; उष्णता दूर नेणारा कूलर; आणि या सर्वांस सामावून घेणारी पेटी. खेळांच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड हा राजा. खर्चाचा मोठा भाग तेच खाते आणि वीजही बहुधा तेच सर्वांत अधिक पिते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, ही सारी सामग्री दुकानोदुकानी मिळते. पिंपळगावच्या मुलाने ती काही छत्रपती संभाजीनगरहून आणि काही टपालाने मागविली.

जुळविणे कठीण नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील लहान त्रिकोण बैठकीवरील त्रिकोणाशी मिळवावयाचा आणि तो अलगद ठेवावयाचा. दाबावयाचा नाही, कारण बैठकीतील केसासारखी टोके एकदा वाकली की पाटी वाया गेलीच म्हणावयाची. पाठीवर उष्णतावाहक लेप वाटाण्याएवढा लावावयाचा. रॅमच्या पट्ट्या दोन असल्या आणि खाचा चार असल्या तर बहुधा दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवावयाच्या, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती वाहते. परंतु या सोप्या कृतीच्या आधी एक निवड असते, आणि खरी मेख तेथे आहे. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक बैठकीत बसत नाही. एएमडी कंपनीने 2022 साली बैठक बदलली तेव्हा जुन्या पाट्यांवर नवे प्रोसेसर चालेनासे झाले. डीडीआर चार जातीची रॅम डीडीआर पाचच्या खाचेत जात नाही. लांब कार्ड आखूड पेटीत मावत नाही. पॉवर सप्लाय स्वस्तातला घेतला तर यंत्र चालते, आणि एके दिवशी तो जळताना शेजाऱ्यांसही घेऊन जातो. नवशिक्याची सारी परीक्षा पेचकस हाती येण्यापूर्वीच झालेली असते. वडिलांनी जे पाहिले ते शेवटचे तीन तास. त्याआधीचे दोन महिने त्यांच्या दृष्टीस पडले नाहीत, किंवा पडले ते मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून बसला आहे एवढ्याच रूपाने.

तरीही वडिलांचा आक्षेप यामुळे संपत नाही. यातला एकही भाग मुलाने केलेला नाही. किंबहुना या जगात कोणत्याही एका देशाने हे सर्व भाग केलेले नाहीत. प्रोसेसरचा आराखडा अमेरिकेत होतो, त्याची चिप बहुधा तैवानात कोरली जाते, आणि ती कोरणारे अत्यंत सूक्ष्म काम करणारे यंत्र नेदरलंड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी करते. पिंपळगावपर्यंत पोहोचते ती शेवटची मळणी. मग ‘मी बनवला’ या वाक्यातील ‘मी’ कोठे उभा आहे?

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे, आणि योगायोग असा की त्यातील एक दृष्टांत वडिलांच्या गाडीचाच आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदास विचारतो, आपण ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे काय? चाके रथ नव्हेत, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे. आणि ही सर्व वगळली तर रथ म्हणून काही उरत नाही. रथ हे भागांच्या आश्रयाने चाललेले एक नाव, एवढेच. हे मत मान्य केले तर मुलाने नवे काहीच उत्पन्न केले नाही. पेट्यांतील भागांस एक नाव मात्र दिले. नैयायिकांस हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून अवयवी निराळा असतो. दोन कपाले म्हणजे घट नव्हे, त्यांच्या संयोगाने घट नावाचा नवा पदार्थ जन्मास येतो, आणि त्या संयोगास ते कारणांच्या यादीत मानाचे स्थान देतात. आम्ही या बाबतीत नैयायिकांच्या बाजूचे आहोत. टेबलावर मांडलेल्या आठ भागांनी कोणतेही गणित होत नाही, जुळल्यावर होते. जे आधी नव्हते ते आता आहे.

परंतु नैयायिक येथे थांबत नाहीत, आणि पुढची त्यांची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यास अडचणीची आहे. घटाच्या आधी जे जे हजर असते ते ते घटाचे कारण होत नाही. माती वाहून आणणारा रासभ, म्हणजे गाढव, हा घटापूर्वी हजर असतो खरा. पण त्याच्यावाचूनही घट होतात, म्हणून तो कारण नव्हे, तो ‘अन्यथासिद्ध’. आता विचारा: सुटे भाग दुकानापासून टेबलापर्यंत आणणारा हा मुलगा कुंभार की रासभ?

दुकानदारानेही हेच यंत्र तासाभरात जुळवून दिले असते, म्हणून मुलगा रासभ, असे कोणी म्हणेल. पण मग एका कुंभाराचे काम दुसरा कुंभारही करू शकतो, म्हणून पहिला कुंभार रासभ ठरत नाही. रासभाचा दोष तो बदलता येतो हा नसून, त्याच्याशिवाय अजिबात चालते हा आहे. जाणून जुळविणाऱ्या कोणाशिवाय तरी या यंत्राचे चालत नाही. न्यायशास्त्राने कर्त्याचे लक्षण तीन गोष्टींनी केले आहे: ज्यापासून वस्तू व्हावयाची त्याचे प्रत्यक्ष ज्ञान, ती करण्याची इच्छा, आणि प्रयत्न. इच्छा व प्रयत्न या मुलात भरपूर होते, त्याची शंका वडिलांसही नव्हती. वाद उरतो तो ज्ञानाचा. चिपमधील अब्जावधी ट्रान्झिस्टर कसे कोरतात हे त्यास ठाऊक नाही. पण कुंभारास तरी खडकाची माती कशी झाली हे कोठे ठाऊक असते? त्यास माती कळते: कोणती चिकट, कोणती भुसभुशीत, कोणती भट्टीत तडकेल. येथे माती म्हणजे भाग. आणि भाग एकमेकांस कोठे धरतात, किती वीज मागतात, किती तापतात हे ज्यास कळले, त्यास आपल्या मातीचे ज्ञान आहे.

हाच प्रश्न एकदा राष्ट्राच्या पातळीवरही येऊन गेला आहे. भारतास हवा तो शक्तिशाली क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यावर 1988 साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली परम 8000 तयार झाला. त्यातील प्रोसेसर ट्रान्सप्युटर जातीचे, इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे. तेव्हाही ‘परक्यांचे भाग जोडले, यात स्वदेशी काय?’ असे म्हणता आले असते. उत्तर त्या भागांत नव्हते. अनेक लहान प्रोसेसर एका कामावर एकदम कसे लावावेत, या रचनेत आणि त्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीत ते होते. पिंपळगावच्या खोलीची आणि पुण्याच्या प्रयोगशाळेची तुलना कोणास हास्यास्पद वाटेल. प्रमाणाचे अंतर आकाशपाताळाचे आहे, पण प्रश्नाची जात एकच आहे.

मात्र सगळेच हौशी या कसोटीस उतरतात असे आम्हांस वाटत नाही. कोणी तरी तयार केलेली भागांची यादी जशीच्या तशी मागवावयाची, चित्रफीत पाहून एकेक भाग बसवावयाचा, आणि पडदा काळा राहिला की हातपाय गाळावयाचे, असेही पुष्कळ आहेत. पडद्याची तार ग्राफिक्स कार्डास न लावता मदरबोर्डास लावणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक. महागडे कार्ड आत स्वस्थ बसून राहते आणि मालक दुकानदारास शिव्या देतो. हे पाठीवर माती वाहणे झाले. पाठ स्वतःची असली तरी. उलट तार चुकीची आहे हे ज्याने पडद्याकडे पाहून ओळखले, तो त्या क्षणी कुंभार झाला, मग भाग बसविताना त्याचा हात कापला असो वा नसो. जुंपणे निराळे, असे जे मुलगा म्हणाला त्याचा अर्थ आम्हांस असा लागतो: गाडी मोडली तर जुंपणारा सुताराकडे जातो.

हे सारे कशासाठी, तर लुटुपुटीच्या लढाया खेळण्यासाठी, असा शेरा येथे अपेक्षित आहे. यावर काही जण सांगतात की 2012 साली टोरोंटो येथील संशोधकांनी चित्रे ओळखणारे जे गाजलेले कृत्रिम मेंदूजाल शिकविले, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवरच. ती गोष्ट खरी आहे. पण मुलाच्या बाजूने आम्ही ती पुढे करीत नाही, कारण अशी सबब प्रत्येक घरातला प्रत्येक मुलगा सांगतो. भातुकलीची बोळकी करणारा कुंभारही कुंभारच, एवढे आम्हांस पुरे आहे. खेळात किती रात्री घालवाव्यात हा प्रश्न निराळा आणि खरा आहे, पण तो तयार संगणक विकत घेणाऱ्यासही तितकाच लागू पडतो.

कापसाच्या पैशाचा प्रश्न मात्र असा बाजूस सारता येत नाही. नैयायिकांनी अन्यथासिद्धांच्या यादीत रासभाच्या बरोबरीने कुंभाराच्या बापालाही बसविले आहे. विश्वनाथ पंचाननांच्या कारिकावलीत ही पंगत स्पष्ट आहे, आणि प्रथम वाचताना ती निष्ठुर वाटते. पण शास्त्राचे म्हणणे एवढेच की बाप हा घटाचे कारण नव्हे, तो कुंभाराचे कारण आहे. तेव्हा पाऊण लाख रुपये यंत्रासाठी गेले असतील तर वडिलांचा राग रास्त आहे, कारण तेवढ्यात तयार यंत्र आले असते आणि त्यावर सबंध यंत्राची हमीही मिळाली असती. ते कुंभार होण्यासाठी गेले असतील तर हिशेब निराळा. यांपैकी काय घडले हे आज कोणासही सांगता येणार नाही. मराठवाड्यात मे महिना येईल, पेटीच्या जाळीत धूळ बसेल, वीज दिवसातून चारदा जाईल आणि येईल, आणि एखाद्या दुपारी यंत्र चालू होणार नाही. त्या दुपारी पेचकस कोण उचलतो ते वडिलांनी पाहावे.