असुर राहतो कुठे?

शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडातलं एक विधान वाचून आजही माणूस थबकतो. देवासुरांच्या ज्या लढाया आख्यानांत आणि इतिहासांत सांगतात, त्या तशा झालेल्या नाहीत, असं तिथे म्हटलं आहे. आधाराला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली एक ऋचा दिली आहे. इंद्राची युद्धं ही माया, त्याला शत्रू आज नाही आणि पूर्वीही नव्हता, अशा अर्थाची. वेदीच्या विटा आणि आहुत्या यांचा काटेकोर हिशेब मांडणारा हा ग्रंथ. देवासुरांच्या झगड्यांच्या कथा तो स्वतःच जागोजागी सांगतो, आणि तरीही हे बजावतो. म्हणजे पुराणकथेचा अर्थ घटनेपलीकडे शोधावा, ही काही आधुनिकांची पळवाट नव्हे.

त्याआधीचं चित्र वेगळं होतं. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलं आहे, आणि ते गौरवानं. पुढे दोन तट पडले, वैर ठरलं. पण ब्राह्मणग्रंथांनी एक गोष्ट सोडली नाही. देव आणि असुर दोघेही प्रजापतीचीच लेकरं.

या भावकीला खरी खोली दिली ती उपनिषदांनी. बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायात देव संख्येनं थोडे, असुर पुष्कळ. उद्गीथ गाऊन असुरांवर मात करायची असं देव ठरवतात आणि एकेका इंद्रियाला गायला बसवतात. वाणी गाते, पण त्यातलं उत्तम ते स्वतःसाठी राखते. तेवढ्या फटीतून असुर तिला पापानं विंधतात. म्हणून वाणी नको तेही बोलते. मग घ्राण, डोळा, कान, शेवटी मन; सगळ्यांची तीच गत. अखेरीस मुखातला प्राण गातो, आणि दगडावर आपटलेल्या ढेकळासारखे असुर फुटतात. प्राणानं खाल्लेल्या अन्नावर सगळी इंद्रियं तृप्त होतात. एकट्यापुरतं असं त्याच्याजवळ काही उरत नाही. या कथेत ना शस्त्र आहे, ना रणांगण. असुर आत शिरतो तो राखून ठेवलेल्या वाट्यातून. माझ्या मते साऱ्या देवासुरकथांची किल्ली इथे आहे.

शंकराचार्यांनी भाष्यात हे उघड करून सांगितलं. शास्त्रानं उजळलेल्या वृत्ती ते देव, स्वाभाविक ओढी ते असुर. आणि स्वाभाविक ओढीच जास्त, म्हणून असुर पुष्कळ. बृहदारण्यकाच्याच पाचव्या अध्यायात देव, माणसं आणि असुर तिघेही प्रजापतीकडे शिकायला राहतात. तिथे तर आचार्य आणखी एक पर्याय मांडतात: माणसांहून वेगळे देव-असुर मानायचंच कारण नाही, क्रूर माणसं हेच असुर. त्या कथेत असुरांना धडा मिळतो तो दयेचा. त्यांना शिष्य म्हणून जागा आहे.

गीतेचा सोळावा अध्याय याच वाटेवरचा. दंभ, दर्प, क्रोध ही आसुरी संपत्ती. पण तिथे प्राण्यांच्या दोन सृष्टी केल्या आहेत, आणि असल्या क्रूरांना आसुरी योनीतच टाकलं जातं, असंही म्हटलं आहे. आतली वृत्ती पुन्हा बाहेरच्या माणसाच्या कपाळी चिकटण्याचा धोका मला तिथे दिसतो. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये याच गीतेवरची टीका पुरी करताना दुष्टांचा संहार मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. उपनिषदांचा धागा त्यांनी मराठीत पुन्हा हाती घेतला.

धोका किती खरा होता, हे जोतीराव फुल्यांनी दाखवलं. 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी वामनाची कथा प्रतीक म्हणून वाचायचं नाकारलं. त्यांच्या लेखी बळी हा न्यायी राजा, आणि त्याला असुर म्हणणं ही जिंकणाऱ्यांची भाषा. दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य येवो असं मागणारा शेतकरी पुराणाच्या निकालावर समाधानी नव्हताच. गावोगावी म्हसोबा या महिषदेवाला शेंदूर लागतो आणि नवरात्रात देवी महिषासुराला मारते, हेही याच भूमीवर. फुल्यांचा इतिहास प्रत्येक तपशिलात टिकेल असं नाही. पण त्यांचा आक्षेप अध्यात्माच्या नावानं बाजूला सारणं अप्रामाणिकपणाचं होईल. अहंकाराचं प्रतीक म्हणून जे नाव आपण वापरतो, त्याच नावानं कुणाला हिणवलं गेलं असेल, तर त्या प्रतीकाला डाग लागलेलाच आहे.

बळीचा पिता विरोचन. छांदोग्यात तो आणि इंद्र आत्मा जाणण्यासाठी प्रजापतीकडे बत्तीस वर्षं राहतात. पाण्यात दिसणारं, नटलेलं शरीर हाच आत्मा, अशी दोघांचीही समजूत होते आणि दोघेही संतुष्ट होऊन निघतात. इंद्राला वाटेत शंका येते: शरीर आंधळं झालं तर आत्माही आंधळा होणार? तो परततो, पुन्हा पुन्हा परततो, आणि एकूण एकशे एक वर्षं शिकतो. विरोचन परतत नाही. पण दोघे पाठमोरे जात असताना प्रजापती जे बोलतो ते पाहण्यासारखं आहे. एवढ्यावरच जे थांबतील ते पराभूत होतील, असं तो म्हणतो. आणि ते देव असोत वा असुर, हेही सोबत जोडतो.