पौल त्या वेदीजवळ थांबला

आजचा पाठ : प्रेषितांची कृत्ये १७:१६-३४



मागच्या आठवड्यात आमच्या प्रार्थना ग्रुपवर एकाने फोटो टाकला. मेक्सिकोतल्या मेतेपेक गावचं मातीचं शिल्प, ‘जीवनाचं झाड’. आदाम, हव्वा, वर देवदूत, खोडाला विळखा घातलेला साप. पण हा साप पिसांचा! म्हणजे क्वेत्झलकोआत्ल, अ‍ॅझटेकांचा देव. मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. ‘ही भेसळ आहे’ असं टाईप केलं आणि पाठवूनही दिलं.

रात्री हा पाठ वाचताना अडखळलो. अथेन्समधल्या मूर्ती पाहून पौलाचाही जीव तळमळला होता. पण त्याने शहर फिरून नीट बघितलं आणि अनोळखी देवासाठी बांधलेल्या वेदीपासून बोलायला सुरुवात केली.

मग मीही नीट बघायचं ठरवलं. १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. देवळं पाडली, त्यांचेच दगड चर्चच्या बांधकामाला वापरले. मेक्सिको सिटीजवळ आकोल्मानला त्याच शतकातला दगडी क्रूस आहे. त्यावर येशूचं शरीर नाही. मध्यभागी फक्त चेहरा, आडव्या बाहूंवर फुलं-वेली. तो कोरणारे हात तिथल्याच कारागिरांचे. तुम्हाला काय हवंय, असं त्यांना कोण विचारणार होतं? तरी त्या क्रुसात त्यांची भक्ती नव्हती, असं मी कसं म्हणू?

आजच्या शिल्पकाराला मात्र निवड आहे, म्हणून त्याला प्रश्न विचारता येतो. एदेनातला साप फसवतो. क्वेत्झलकोआत्ल तर कथेत माणसांसाठी मका आणतो. दोघांना एकाच खोडावर गुंडाळून नेमकं काय सांगायचंय? दोन कोड न वाचता मर्ज केले, तर कधीकधी एरर येतच नाही, पण अर्थ बिघडतो.

पौलानेही ‘सगळं सारखंच’ असं म्हटलं नाही. पुनरुत्थानाचं नाव काढल्यावर काहींनी त्याची टिंगल केली, तरी तो बोलला. पण आधी तो त्यांच्या वेदीजवळ थांबला होता. मी थांबलोच नव्हतो.

माझा विश्वास आहे तिथेच आहे. त्या सापापुढे मी हात जोडणार नाही. पण ‘भेसळ’ हा शब्द मी ग्रुपवर लिहूनच मागे घेतला. ज्यांची देवळं क्रुसाच्या नावाने पाडली गेली, त्यांच्या वंशजांना ‘तुमचा साप काढा’ म्हणण्याआधी आपण क्षमा मागायला हवी ना?

प्रार्थना : प्रभू, बोट दाखवण्याआधी मला बघायला शिकव. आमेन.