कौल लावण्याआधी

कोकणात देवाला कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि घरची माणसे गाभाऱ्याकडे नजर लावून उभी राहतात. उजवी पाकळी आधी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार.

देव हो किंवा नाही एवढेच सांगतो. प्रश्न माणसालाच मांडावा लागतो. तो नेमका मांडायचा तर आपल्याला काय हवे आहे आणि कशाची भीती वाटते, हे आधी स्वतःशी कबूल करावे लागते.

देवाचा शब्द आणि माणसाचा विचार यांतला हाच पेच गीतेत आहे. सहाव्या अध्यायात कृष्ण बजावतो की माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावे. अठराव्याच्या ६६ व्या श्लोकात तोच म्हणतो, सगळे धर्म सोडून मला एकट्याला शरण ये. हा श्लोक प्रवचनांत हमखास येतो. त्याच्या तीनच श्लोक आधी, ६३ व्यात, कृष्णाने काय सांगितले आहे? या सगळ्याचा विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. तिथे 'अशेषेण' असा शब्द आहे: काहीही शिल्लक न ठेवता. प्रत्यक्ष देव सारथी होऊन बसलेला, तरी निर्णय अर्जुनाचा! पारायणाच्या ओघात हा श्लोक क्षणात मागे पडतो, आणि मग शरणागती म्हणजे डोके बाजूला ठेवणे असा समज रुजतो. हे फार मोठे नुकसान आहे.

अर्जुन काही मुकाट्याने ऐकणारा नव्हता. तिसऱ्या अध्यायात तो तक्रार करतो की तुझ्या बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते. सहाव्यात म्हणतो, मन आवरणे वारा आवरण्याइतके अवघड. असे सगळे विचारून झाल्यावरच, अठराव्याच्या ७३ व्या श्लोकात, तो संशय फिटल्याचे सांगतो आणि आज्ञा स्वीकारतो.

आधी झगडा आणि मग स्वीकार, हा क्रम गांधीजींच्या अनुभवातही दिसतो. १९३३ च्या एप्रिलअखेर येरवडा तुरुंगात गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास जाहीर केला. आतला आवाज ऐकू आला, असे त्यांचे म्हणणे होते. हा भास कशावरून नव्हे, असे लोकांनी विचारले. आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात त्यांनी मोकळेपणाने लिहिले की शंका घेणाऱ्याला पटवील असा पुरावा आपल्यापाशी नाही. त्या रात्रीचा क्रमही त्यांनी सांगितला: मनात भयंकर झगडा चालला होता, मग आवाज आला, तो आतलाच आवाज असल्याची त्यांनी खात्री करून घेतली, आणि त्यानंतर झगडा थांबला. ८ मे रोजी उपवास सुरू झाला.