उरलेली गोळी

गेल्या पावसाळ्यात मला व्हायव्हॅक्स मलेरिया झाला. डॉक्टरांनी प्रायमाक्विन १४ दिवस दिलं. बरं वाटताच मी चार गोळ्या तशाच ठेवल्या. पुढे कामवाल्या बाईंच्या मुलाला तसाच ताप आला, तेव्हा त्याच पुडीत बांधून दिल्या. बिचारीचे पैसे वाचतील, एवढंच मनात.

नशीब, तिने आधी दवाखान्यात विचारलं. तपासणीत मुलाला जी-६-पी-डी हे विकर कमी निघालं. हे विकर रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळतं. ते कमी असेल तर प्रायमाक्विनने पेशी फुटतात, कावीळ होते. मुलाला ही उणीव आईकडून येते, बहुतेक वेळा तिला स्वतःला काहीच त्रास नसतो. आपल्या सुरतेतच वाटलिया प्रजापती समाजाच्या तपासणीत ती बऱ्याच जणांत आढळली होती.

अनेकांतवादावर मी स्वाध्यायात किती बोलते! पण एकच गोळी मला औषध आणि त्याला अपाय, हे काही सुचलं नाही. दया होती, पण माझ्याच अंगावरून मापलेली. प्रमादातून हिंसा घडते, हे लहानपणापासून ऐकलंय ना आपण? दया करतानाही प्रमाद होतो, हे मात्र आत्ता कळलं.

आता मी सोबत दवाखान्यात जाते, तपासणीचे पैसे भरते. वेळ जातो. गोळी देणं सोपं होतं.